समुद्राआधीची तहान

पुण्याहून सायकलने समुद्रावर जायचे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकदम हर्णै-मुरूड येते. माडांची रांग, ओहोटीची घट्ट वाळू, संध्याकाळी रोवलेले तंबू आणि मासळीचे जेवण. हे सगळे असते, नाही असे नाही. पण देशावरून निघालेल्या सायकलवाल्याला समुद्र पहिल्या दिवशी भेटत नाही. मोटारीत बसलेला माणूस सकाळी पुणे आणि दुपारी दापोली असे म्हणू शकतो; मधला मुलूख त्याच्या दृष्टीने काचेबाहेरचा असतो. सायकलवाल्याला तो मुलूख पायांनी मोजून ओलांडावा लागतो. आणि पुण्याच्या नैर्ऋत्येला तो मुलूख म्हणजे भोर आणि वेल्हे. या लेखात समुद्र नाही, हे म्हणूनच आधी सांगून टाकतो. त्याच्या आधीचा एक दिवस आहे.

गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही सोळा जण निघालो. सर्वांत लहान एकोणीस वर्षांचा, सर्वांत मोठे सदुसष्ट वर्षांचे. मी साठी ओलांडून बराच पुढे गेलेला, म्हणजे वरच्या बाजूचा. बरोबर टेम्पो नाही, सामानाची गाडी नाही. तंबू, पातेली, तांदूळ-डाळ, पंक्चरचे सामान, सगळे प्रत्येकाच्या कॅरियरवर. म्होरक्या एक निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना 'बाई' म्हणतात. त्यांच्याहून मोठे असलेले दोघेसुद्धा. बाईंचा एकच नियम होता : सर्वांत हळू चालणारा पुढे राहील आणि बाकीचे त्याच्या मागे. तरुणांना हा नियम कात्रजच्या जुन्या घाटातच जाचायला लागला, पण बाई स्वतः शेवटी होत्या, त्यामुळे तक्रार करायची तर मागे वळून करावी लागली असती.

आमच्या पिढीच्या पुणेकराला सायकलचे अप्रूप नाही. महापालिकेच्या कराचा पत्र्याचा बिल्ला, रात्री दिवा नाही किंवा डबलसीट म्हणून धरणारा हवालदार, तासावर भाड्याने मिळणारी सायकल, यांत आमचे बालपण गेले. सायकल ही तेव्हा गरज होती. आता गिअरच्या सायकली आल्या, डोक्यावर शिरस्त्राण आले आणि सायकल हा छंद झाला. छंदाला मी नावे ठेवत नाही. पण गरजेपोटी सायकल चालवणारा आणि छंदापोटी चालवणारा, या दोघांत फरक पडतो तो एके ठिकाणी : पहिल्याला वाटेतल्या माणसांची गरज लागते हे ठाऊक असते, दुसऱ्याला ते वाटेत कळते.

खेड-शिवापूर मागे पडले आणि चेलाडी फाट्यावर आम्ही पहिला चहा घेतला. येथे वाटा फुटतात. उजवीकडे नसरापूर, बनेश्वर आणि पुढे वेल्हे. सरळ कापूरहोळ आणि तिथून भोर. दोन्ही वाटा शेवटी सह्याद्रीच्या कड्याशी जातात. वेल्ह्याच्या पलीकडे केळद, आणि केळदच्या टोकाशी मढे घाट. सिंहगड घेताना १६७० साली पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटाने खाली उमरठला नेला, अशी परंपरा आहे. घाट पायवाटेचा. आमच्यातल्या दोघा पोरांचा आग्रह होता की सायकली खांद्यावर घेऊन मढे घाटच उतरायचा. बाईंनी त्यांच्या सामानाने लादलेल्या सायकली एकदा उचलून दाखवायला सांगितल्या. प्रश्न तिथेच मिटला आणि वरंधा घाटाची, म्हणजे भोरची वाट ठरली.

मी मात्र उजवीकडच्या रस्त्याकडे जरा वेळ पाहत राहिलो. राजगड आणि तोरण्याच्या त्या मुलखात मी बँकेच्या नोकरीत असताना, ऐंशीच्या दशकात, पुष्कळ हिंडलो आहे. तालुक्याचे नाव राजगड करायचा निर्णय २०२४ साली झाला, पण माझ्या तोंडी वेल्हेच बसले आहे. त्या काळच्या ग्रामविकास योजनेतून म्हशींसाठी कर्जे दिली जात आणि दिलेली म्हैस जागेवर आहे की नाही हे पाहायला अधिकाऱ्याने जायचे, असा दंडक होता. म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला, त्यावर नंबर. नंबर वहीशी जुळला की काम झाले. अशाच एका पाहणीत, केळदच्या अलीकडच्या एका वस्तीवर एका म्हाताऱ्याने मला विचारले होते, "सायब, म्हस दिलीत, चांगलं केलंत. पर हिला पानी कुनी पाजायचं?" दुभती म्हैस उन्हाळ्यात दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी सहज पिते. म्हणजे पाच हंडे. घरातली सून ते डोक्यावरून आणीत होती. कर्जाच्या अर्जात दुधाचा रकाना होता, वैरणीचा होता, विम्याच्या हप्त्याचा होता. पाण्याचा रकाना नव्हता. ज्यांनी तो अर्ज छापला त्यांच्या घरी पाणी नळाला येत असणार.

कापूरहोळला महामार्ग सुटला आणि जिवात जीव आला. भोरच्या अलीकडे भाटघरच्या धरणाची दगडी भिंत लागते. वेळवंडी नदीवरचे हे धरण १९२० च्या दशकात पुरे झाले. तेव्हाच्या मुंबईच्या गव्हर्नरांच्या नावाने त्याला लॉईड धरण म्हणत. त्याआधी एकोणिसाव्या शतकात बांधलेले एक जुने धरण नव्याच्या पाण्यात गेले. आताच्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. धरणात सुमारे २४ टीएमसी पाणी मावते. भोरच्या पुढे नीरेवर नीरा-देवघर धरण आहे, ते सुमारे १२ टीएमसीचे. वेल्ह्याच्या बाजूला गुंजवणीचे धरण आहे, ते लहान, पावणेचार टीएमसीच्या आतले. तिन्ही मिळून चाळीस टीएमसीच्या आसपास. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. आकडे मोजण्यात आयुष्य गेले तरी असले आकडे माझ्या डोक्यात मावत नाहीत.

हे पाणी जाते कुठे? खाली, पूर्वेला. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर निघालेला नीरा डावा कालवा बारामती-इंदापूरकडे जातो. उजवा कालवा फलटण-माळशिरसकडे. त्या अवर्षणी मुलखात या पाण्याने ऊस उभा केला, साखर कारखाने उभे केले, शाळा-महाविद्यालये उभी केली. ते चुकीचे झाले असे कोणी म्हणणार नाही. दुष्काळात माणसे मरत होती म्हणून कालवे निघाले. पण पाणी जिथे पडते आणि जिथे साठते, तिथल्या डोंगरावरच्या वस्त्यांना त्यातले किती मिळते, हे पाहायचे असेल तर भोरच्या पुढे सायकलने जावे. मोटारीतून ते दिसत नाही, कारण मोटारवाल्याची पाण्याची बाटली भोरमध्ये घेतलेली असते आणि महाडला संपते.

भोरला दुपारी पोहोचलो. पंतसचिवांच्या संस्थानची ही राजधानी. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि गाव तालुक्याचे राहिले. राजवाडा अजून उभा आहे आणि सिनेमावाल्यांच्या उपयोगी पडतो. नीरेकाठी सावलीत भाकऱ्या खाल्ल्या, तासभर आडवे झालो. दक्षिणेला रोहिडा, पुढे रायरेश्वराचे लांबलचक पठार. उठल्यावर खरी चढण सुरू झाली.

निगुडघर सोडले की रस्ता नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेने वळसे घेत वर जातो. काटेसावर फुललेली, पांगारा फुललेला, पळस पेटलेला. गवत मात्र पिवळे पडून वाळले होते. धरणाचे पाणी सतत दिसत राहते, आणि सतत दूर राहते. रब्बीचे आवर्तन सुटलेले असले की फेब्रुवारीत पातळी उतरत जाते. काठावर मातीचे उघडे पट्टे एकाखाली एक दिसतात. वहीच्या पानावरच्या रेघांसारखे. सुकलेल्या चिखलातून आणि दगडगोट्यांतून खाली उतरल्याशिवाय त्या पाण्याला हात लागत नाही. आमच्या बाटल्या एव्हाना रिकाम्या झाल्या होत्या. सोळा माणसे, प्रत्येकी दोन बाटल्या, म्हणजे चोवीस लिटर, आणि ते भोरपासून इथवरच्या चढणीत संपले.

चारच्या सुमारास रस्त्याच्या वरच्या अंगाला एक वाडी लागली. वाडीचे नाव मी मुद्दाम देत नाही. दिले तर पुढच्या रविवारी तिथे पन्नास सायकली उभ्या राहतील. पंधरा-वीस घरे, त्यांतली काहींना कुलपे. कर्ती माणसे पुण्याला, मुंबईला. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या. आमच्यातला एक तरुण, संगणकाच्या कंपनीत काम करणारा, पुढे झाला. "मावशी, पाणी मिळेल का थोडं?"

"मिळंल की. बसा," म्हणून त्या आत गेल्या आणि कळशी घेऊन आल्या. मग त्यांनी आमच्याकडे नीट पाहिले. पायऱ्यांशी एकामागून एक सायकली टेकत होत्या. त्यांच्या तोंडून "किती जन हाय?" एवढेच निघाले. त्यात नाराजी नव्हती, नुसती मोजणी होती. पण बाई, म्हणजे आमच्या बाई, पुढे आल्या आणि त्यांनी त्या तरुणाच्या हातातली बाटली काढून घेतली. "ताई, पाणी कुठून आणता?" त्यांनी विचारले.

मग कळले ते असे. वाडीला नळ आहे. दिवाळीनंतर त्याचा जोर जातो आणि शिमग्याच्या आधी तो थांबतो. वरच्या ओढ्यात दगडांनी बांधून काढलेला एक झरा आहे. फेब्रुवारीत तो भरभर वाहत नाही, पाझरतो. तांब्यातांब्याने हंडा भरायला वीस मिनिटे लागतात. बायका पाळ्या लावून जातात, एप्रिलमध्ये रात्रीसुद्धा. मेमध्ये टँकर येतो, येईल तेव्हा.

माझ्यातला बँकवाला निवृत्त झालेला नाही. मी मनाशी मांडणी केली. हंडा बारा लिटरचा धरला तर आमच्या नुसत्या बाटल्या म्हणजे दोन हंडे. रात्रीचा स्वयंपाक, चहा, पिणे यांचे आणखी चार. सहा हंडे गुणिले वीस मिनिटे, म्हणजे झऱ्याचे दोन तास. आम्ही दहा मिनिटे थांबून त्या वाडीचे दोन तास पिऊन जाणार होतो. आणि ती बाई नाही म्हणणार नव्हती, ही यातली खरी अडचण. आपल्याकडे पाणी मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. अशा घरी मागायचे किती, हे मग मागणाऱ्यालाच ठरवावे लागते.

त्या तरुणाने आपल्या परीने मार्ग काढला. तो मनाने चांगला मुलगा आहे. "आपण पैसे देऊ ना. लिटरला वीस रुपये, दुकानातल्या बाटलीचा दर." त्या बाई हसल्या. "पैशाला पाझर फुटतो व्हय रं बाबा?"

वाद झाला. आमच्या गटात वाद होतच असतात. एक म्हणाला, पुढच्या गावी जाऊ. पुढे चढण होती, अंधार दीड-दोन तासांवर होता आणि सदुसष्ट वर्षांच्या गृहस्थांचे गुडघे सकाळपासून बोलत होते. दुसरा म्हणाला, समोर एवढे धरण आहे, त्यातले आणू. यावर तिसऱ्याने विचारले, मग ही माणसेच का आणत नाहीत? उत्तर वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी दिले. "आनतो की. गुरं तिथंच जात्यात पानी प्यायला. पर डोईवर हंडा घिऊन ही चढन चढून बघा, आन् मंग बोला." धरणात काही ओळखीची शेते गेली होती. "भाताची खाचरं व्हती आमची, तिथं," म्हणून त्यांनी पाण्याकडे नुसते बोट केले. पुढे काही बोलले नाहीत.

बाईंनी निकाल दिला. झऱ्याचे पाणी प्रत्येकी एक फुलपात्र, ते पाहुणे म्हणून. नाही म्हटले तर त्या घराचा अपमान होईल. बाकी सगळे पाणी धरणातून, आणि ते आम्ही आणायचे. वाडीतून वीस-वीस लिटरचे प्लॅस्टिकचे कॅन मागून घेतले. सामान उतरवून सहा सायकलींच्या कॅरियरला प्रत्येकी दोन बांधले आणि बैलगाडीच्या वाटेने पोरे खाली गेली. उतरताना गाणी म्हणत गेली. वर येताना गाणी नव्हती. अंतर दीड किलोमीटरच्या आसपास, पण चाळीस लिटर पाणी घेऊन सायकल चढणीवर बसून चालवता येत नाही. एकाने हँडल धरून ओढायची, दुसऱ्याने मागून रेटायची. पाऊण तासाने पहिली सायकल वर आली. दोनशे चाळीस लिटर पाणी आले, कॅनच्या झाकणांतून सांडलेले सोडून. त्यातले आम्ही सत्तर-ऐंशी ठेवले आणि उकळून घेतले. बाकीचे वाडीतल्या गोठ्यांमध्ये गेले. त्या दिवशीच्या खेपा आम्ही वाचवल्या एवढेच. दुसऱ्या दिवसाचे त्यांचे त्यांनाच होते. त्याहून मोठे काही केले असा आव आणायला जागा नाही.

तंबू शाळेच्या आवारात लावले. आधी पोलीसपाटलांना विचारले. वाळलेल्या गवतात चूल पेटवायची नाही, स्टोव्ह शाळेच्या फरशीवरच, हे त्यांनी बजावले; फेब्रुवारी-मार्चमधला वणवा एका ठिणगीने डोंगर जाळत जातो. रात्री त्या पहिल्या घरून पिठले आणि नाचणीच्या भाकऱ्या आल्या. त्यांचे पैसे मात्र त्या बाईंनी बिनतक्रार घेतले. भाकरीला दाम असतो. पाण्याला त्यांच्या लेखी नव्हता.

लांबच्या सायकल प्रवासाचा आपल्याकडचा मोठा दाखला जुना आहे. मुंबईचे सहा पारशी तरुण १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये सायकलने जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारे चव्वेचाळीस हजार मैल करून मार्च १९२८ मध्ये परतले. इराकचे आणि सिनाईचे वाळवंट त्यांनी सायकलीने ओलांडले. असल्या प्रवासात कोणा अनोळखी माणसाच्या रांजणातले पाणी प्यायल्याशिवाय कोणीही घरी परतत नाही. पण ते थोडे होते. चार माणसे पाणी मागतात तेव्हा ते आतिथ्य असते. पन्नास मागतात तेव्हा तो पुरवठा होतो, आणि पुरवठ्याची यंत्रणा त्या वाडीत नसते. आज शनिवार-रविवारी राजगड, तोरणा, मढे घाटाच्या वाटेवर माणसांची रीघ असते आणि सायकलींचे तांडे दर हिवाळ्यात वाढत आहेत. ते वाढावेत असेच मला वाटते. तांडा मात्र लहान असावा. डिसेंबरनंतर जाणाऱ्याने मुक्कामाच्या गावी आधी विचारणा करावी, पाणी कुठून येते हा प्रश्न पहिला विचारावा, आणि प्रत्येक तीन सायकलींमागे एका कॅरियरवर रिकामा कॅन न्यावा. तंबूपेक्षा त्याचे वजन कमी असते.

इथे पाऊस कमी पडतो असा कोणाचा समज होऊ नये. घाटमाथ्यावर पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. खाली बारामतीकडे त्याच्या काही अंशानेच. पण हा काळा पाषाण पाणी धरत नाही, उतार ते थांबू देत नाही. जूनमध्ये पडलेले ऑक्टोबरपर्यंत वाहून खाली जाते. पूर्वेला उतरलेले पाणी धरणांत आणि उरलेले नीरा, भीमा, कृष्णा अशा वाटेने थेट बंगालच्या उपसागरात. वरंध्याच्या पलीकडे उतरलेले सावित्रीत जाते आणि बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्राला मिळते. मधला कणा एवढा अरुंद की दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो एका वळणात ओलांडला. वाटेत शिरगाव लागले. नीरेचा उगम तिथला. वाघजाईपाशी भजी खाल्ली, कावळ्या किल्ल्याच्या डोंगरातून काढलेल्या रस्त्याने पलीकडे झालो आणि ब्रेक दाबत महाडकडे उतरलो. पुढचे दिवस समुद्राचे होते, तरींचे होते, आणि छान होते. त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

वाडीतून निघताना त्या बाईंचा निरोप घ्यायला गेलो. त्या झऱ्यावरून आल्या होत्या, हंडा अजून डोक्यावरच होता. मी म्हणालो, "ताई, येतो. पुन्हा येऊ."

"या की. पर जुलैत या, बाबा," त्या म्हणाल्या. "तवा पायजेल तितकं पानी हाय."

जुलैत दरडी कोसळतात म्हणून वरंध्याचा रस्ता बहुतेक वर्षी बंद असतो.